पोटरीतला झोपलेला शिंपी

२ मार्च, सोमवार. सकाळ.

ही वही मुंगीनं दिली. मुंगी म्हणजे माझी नात. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून मीच नाव ठेवलं. आता लॅबमध्ये मोठमोठी माणसं तिला मॅडम म्हणतात, मला काय त्याचं. म्हणाली, आजी, दिवसभर खिडकीशी पुटपुटत असतेस ते लिहीत जा. म्हटलं, माझी शाळा चौथीत सुटली. म्हणाली, बोलतेस तसंच लिही. तर हे तसंच. कोणी वाचायचं नाही. धाकटीनं तर मुळीच नाही. धाकटी म्हणजे मुंगीची आई, माझी धाकटी सून. मनानं वाईट नाही. फक्त भांडी आपटते.

आमचं घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. बिल्डर म्हणाला होता, मागाहून बसवून देतो. मागाहून तोच गेला.

आता माझी पोटरी. थोडं चाललं की डाव्या पोटरीत कोणीतरी ओला टॉवेल पिळावा तसा पिळा बसतो. थांबलं की सुटतो. चढताना तर विचारू नका. वर्ष होत आलं, मी रस्त्यावर पाय ठेवलेला नाही. दवाखान्यात नेलं ते खुर्चीत बसवून, दोन माणसांनी उचलून. त्यातला पुढचा दर मजल्यावर विचारायचा, आजी, हाडांत शिसं भरलंय का हो? मेला. परत येताना तर बोलायलाही त्याच्यात दम उरला नव्हता.

काल थोरला आला होता. थोरला मुलगा, दुसऱ्या गावात असतो. त्याचं घर तळमजल्यावर. म्हणाला, आई, खोली रिकामी केली आहे, महिनाअखेरीच्या रविवारी गाडी घेऊन येतो, चल. त्याच्या घरी थोरलीनं प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली आहे. मिठाच्या डब्यावर मीठ. जेवताना कोणी बोलत नाही. माझ्या खोलीची खिडकी भिंतीकडे. फोन घरात लागत नाही, फाटकापाशी जाऊन हॅलो हॅलो करावं लागतं. आणि मुंगी इथे. रोज संध्याकाळी ती येते, माझ्या पलंगावर पायाशी मांडी घालून बसते आणि लॅबमधलं सगळं सांगते. ते तिथे मला कोण सांगणार? मिठाचा डबा?

मी ताठ मानेनं म्हटलं, मी माझ्या पायांनी जिना उतरून दाखवते, मग तर झालं? तो म्हणाला, उतरून परत वर ये, मी विषयच काढणार नाही पुन्हा. धाकटा साक्षीला होता.

म्हणजे ठरलं. महिनाअखेरीला जिना उतरून दाखवायचा.

३ मार्च, मंगळवार.

आजचा दिवस सोन्याचा. मुंगीला म्हटलं, माझ्या पोटरीत नक्की काय बिघडलंय ते मला समजेल असं सांग. तिनं सांगितलं आणि मला समजलं!

रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी नव्हे. तिला आतून अस्तर असतं, अगदी तलम. बाहेरून स्नायूचा पट्टा. रक्त वाहताना अस्तराला घासून जातं, मग ते अस्तर एक वायू तयार करतं. नायट्रिक ऑक्साइड. तो वायू पट्ट्याला जाऊन सांगतो, सैल हो बाबा. पट्टा सैल होतो, नळी रुंद होते, रक्त पोटरीत पोचतं. आणि वायू जगतो किती? काही सेकंद. तेवढ्यात काम करून मोकळा. आमचे हे सत्तर वर्षं जगले, एक बल्ब बदलला नाही.

मुंगी लॅबमध्ये काय करते, तर उंदराच्या रक्तवाहिनीची इवलीशी कडी दोन तारांवर अडकवून कोमट खारट पाण्यात टांगते. एक औषध टाकलं की कडी आवळते, दुसरं टाकलं की सैल पडते आणि पडद्यावरची रेघ खाली उतरते. मला मोबाइलवर दाखवलं. अस्तर खरवडून काढलेलं असेल तर दुसरं औषध घालूनही ढिम्म. म्हटलं, अगं, अस्तर बिघडलं की कोट बसत नाही हे मी तुझ्या जन्माआधीपासून सांगते आहे. आयुष्यभर गणवेश शिवले मी. कोटाचं अस्तर माझ्यासारखं गावात कोणी लावत नव्हतं. मुंगी हसली आणि म्हणाली, आजी, तू माझी परीक्षा घ्यायला यायला हवी होतीस.

धाकटीनं बाहेरून ओरडून विचारलं, जेवायचं आहे की उंदरांवरच भागवायचं आहे?

५ मार्च, गुरुवार. दुपार.

झोप आली नाही, विचार करत होते. मुंगीला विचारलं होतं, तो वायू कशापासून होतो? म्हणाली, अमिनो आम्लापासून, आर्जिनिन त्याचं नाव, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया, दूध, डाळी, सगळ्यांतून मिळतं. झालं! कच्चा माल संपलाय माझा. कापडच नसेल तर शिंपी काय शिवणार?

हे तिला सांगितलं तर मान हलवायला लागली. म्हणाली, कापडाचे गठ्ठे पडलेत आजी तुझ्या अंगात. शिंपी झोपलाय. तू चाललीस की रक्त जोरात घासतं, त्यानं तो उठतो. डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलंय ना, दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. तुझं चालणं हेच तुझं औषध.

पोर हुशार आहे पण दुकान चालवलेलं नाही तिनं. माझ्याकडे हाताखाली दोन शिंपी होते. गठ्ठे दारापर्यंत आले की झोपलेला शिंपीसुद्धा उठतो. उठावंच लागतं, पाय पसरायला जागा राहत नाही.

संकल्प : १) आर्जिनिन भरपूर. २) चालणं, उद्यापासून.

६ मार्च, शुक्रवार.

चालायला निघाले तर पॅसेजची फरशी ओली. धाकटी मुद्दाम मी उठले की पुसते. उद्या.

८ मार्च, रविवार.

दुसऱ्या मजल्यावर एक जिमवाला राहतो. दंड असे की दारातून आडवा आत येतो. आम्ही त्याला पैलवान म्हणतो. धाकट्याकडे स्क्रू-ड्रायव्हर मागायला आला होता. मी हळूच विचारलं, बाबा, आर्जिनिन ठाऊक आहे का? त्याचा चेहरा असा उजळला, जणू मी त्याच्या आईचं नाव घेतलं. म्हणाला, आजी, तुम्हीपण? मी तेच खातो, पंप येतो! पंप म्हणजे काय ते मी विचारलं नाही. पंप आला तर चांगलंच. पाणी वर चढतं.

संध्याकाळी अर्धा डबा पावडर देऊन गेला. फुकट. म्हणाला, पाण्यात एक चमचा. म्हातारं शरीर म्हणून मी दोन घेतले. चव अशी की मांजर ओलं झालं आहे आणि कोणीतरी त्याच्यावर लिंबू पिळलंय.

डबा शिलाई मशीनच्या झाकणाखाली ठेवला. तिथे धाकटी हात लावत नाही, सुई लागते म्हणून.

चालणं : आज पाहुणा आला म्हणून राहिलं.

९ मार्च, सोमवार. पहाटे, सकाळ, पुन्हा सकाळ.

पोट बिघडलं. बाथरूममध्येच बसून आहे म्हणायला हरकत नाही. पण मी घाबरले नाही. उलट आनंद झाला. नळ्या मोकळ्या व्हायला लागल्या. सुरुवात कुठून तरी होणारच, आज इथून झाली.

धाकटा दाराबाहेरून म्हणतो, आई, बरी आहेस ना? म्हटलं, उत्तम.

१२ मार्च, गुरुवार.

पुरावा मिळाला! बांगडी. जी साबण लावूनसुद्धा निघत नव्हती ती आज भाजी निवडताना आपसूक सरकून ताटात पडली. सैल पडतंय सगळं. मुंगीच्या कडीसारखं. धाकटी म्हणाली, आई, तुम्ही तीन दिवस नीट जेवलेल्या नाहीत, हात बघा काड्या झालेत. शास्त्र शिकलेली नाही ती.

आज चालायचं होतं, पण बाथरूमपासून लांब जाणं शहाणपणाचं नाही. तिथपर्यंत जाण्यायेण्यात मात्र बरंच चालणं होतं. ते धरलं.

१४ मार्च, शनिवार.

पकडले गेले. मुंगीला मशीनवर तिच्या पांढऱ्या कोटाचं बटण लावून हवं होतं. मी म्हटलं हातानं लावते, ती म्हणाली तू बस, मी झाकण काढते. काढलं.

रागावली नाही, हेच वाईट. पलंगावर बसली आणि हळूच म्हणाली, आजी, तू रक्तदाबाची गोळी घेतेस, त्यावर हे घेऊन चक्कर येऊन पडलीस तर? तुझ्यासारखी पोटरी असलेल्या लोकांना आर्जिनिन महिनोन्महिने देऊन बघितलंय लोकांनी. फायदा नाही झाला. वरून ओतलेलं निम्मं पोट आणि लिव्हरच खाऊन टाकतात. शिंपी झोपलेला, आणि तू दुकानात गठ्ठ्यांवर गठ्ठे रचतेस.

मग डॉक्टरीणबाईंना फोन. त्या म्हणाल्या, बंद म्हणजे बंद, आणि आजींना म्हणावं चाला. जगात दुसरं वाक्यच नाही त्यांना.

मुंगी म्हणाली, रोज संध्याकाळी मी आले की आपण दोघी फक्त एक मजला. खाली आणि वर. दुखलं की बसू, मी तुला गोष्ट सांगीन. मी म्हटलं, तू दमून आलेली असतेस. म्हणाली, मी नाही दमत. म्हटलं, उद्यापासून.

पावडर बंद केली. म्हणजे दोनाचा एक चमचा केला. गुण येत असताना एकदम थांबवणं बरं नव्हे.

१७ मार्च, मंगळवार.

मुंगी तीन दिवस रोज विचारते, आजी, येतेस? परवा माझी मालिका होती. काल माझ्या चपलेचा अंगठा सैल. आज तिचाच चेहरा थकलेला होता, मला बघवेना. मीच म्हटलं, बस गं, गोष्ट तशीच सांग. सांगितली. कडी आज तिची नीट सैलच पडेना, दिवस वाया गेला. म्हटलं, होईल, उद्या होईल. आमच्या दोघींचं सारखंच चाललंय.

खिडकीतून टपालवाली दिसते. काय झपाझप चालते! तिच्याकडे लक्ष लावून बघितलं की माझ्या पोटरीतही ऊब येते, खरंच. रक्त घासत असणार. दिवसातून दोनदा बघायचं ठरवलं.

खिडकीत बसून बसून आता समोरच्या इमारतीतल्या माणसांचे आंघोळीचे क्रमसुद्धा पाठ झालेत. चार भिंती, एक चौकट. कधी कधी वाटतं मीच त्या कोमट पाण्यात दोन तारांना अडकवलेली कडी आहे आणि वरून कोणीतरी रेघ बघतंय. ढिम्म. असो. चहा आला.

२० मार्च, शुक्रवार. मोठा दिवस!

एक मजला उतरले! एकटी! धाकटी बाजारात, मुंगी लॅबमध्ये. कठडा धरला आणि टकटक टकटक तिसऱ्या मजल्यावर. पोटरी जवळजवळ गप्प. बँकेतून रिटायर झालेल्या बाई तिथे राहतात, त्यांनी दार उघडलं आणि भूत बघितल्यासारख्या बघतच राहिल्या. तुम्ही? कशा आलात? म्हटलं, रक्तवाहिन्या उघडल्या. त्यांना कॉफी पिता पिता अस्तर, वायू, सगळं समजावलं. फार प्रभावित झाल्या. मधेच डोळे मिटून ऐकत होत्या.

वर येण्याचं काय, ते झालं. पैलवान वर गच्चीवर निघालाच होता, म्हणाला, आजी, बसा हातावर, माझा व्यायाम होईल. मग मी त्याचं मन मोडलं नाही.

उतरले हे महत्त्वाचं. थोरल्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, चढलीस? मी म्हटलं, अरे, घरातूनच तर बोलते आहे!

२३ मार्च, सोमवार.

मुंगीला खरं कळलं, पैलवानानंच सांगितलं. ती म्हणाली, आजी, उतरायला पोटरीला फार काम नसतं गं, चढायला असतं. अजून सहा दिवस आहेत. चल ना, दोनच जिने. हात धरून ओढायला लागली. मी म्हटलं, मुलाखत द्यायच्या आधी माणूस विश्रांती घेतो. तिनं माझा हात सोडला. मग म्हणाली, तू गेलीस तर मी संध्याकाळी घरी येऊन काय करू?

मी म्हटलं, वेडी आहेस, मी कुठे जाते!

तरी आज एक चमचा जास्त घेतला. तिच्यासाठी.

२७ मार्च, शुक्रवार.

सगळा आराखडा तयार. जिना हा दोन्ही बाजूंनी एकच असतो. उतरणं जमलं म्हणजे चढणं ते नुसतं उलटं. कोट उसवता येतो तसा शिवताही येतो.

शनिवारी पूर्ण आराम. रविवारी साडी हलकी. डबा संपवून टाकायचा.

२८ मार्च, शनिवार.

पूर्ण आराम केला. ठरवल्याप्रमाणे पार पडलेली या महिन्यातली ही पहिलीच गोष्ट. रात्री मुंगी पायाशी बसून माझ्या पोटरीवर नुसता हात ठेवून होती. लॅबमधलं काही सांगितलं नाही. म्हटलं, कडीचं काय झालं? म्हणाली, झाली सैल. म्हटलं, बघ!

२९ मार्च, रविवार. दुपार. वॉचमनच्या खुर्चीत बसून.

वही घेऊनच उतरले होते, विजयाचं जागच्या जागी लिहायला म्हणून.

उतरले. चारही मजले. बँकवाल्या बाई दारात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. पैलवान पुढे उलटा चालत, आजी पंप, आजी पंप करत. थोरला गाडीला टेकून उभा. वर्षभरानं रस्त्यावर पाय ठेवला. ऊन किती वेगळं असतं खालचं. टपालवाली रविवारीही पार्सलं वाटत होती, जवळून बघितली, वयानं बरीच आहे.

थोरल्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले. तो खरंच हसला, म्हणाला, वा आई. आता चल वर, चहा पिऊ.

पहिल्या वळणापर्यंत छान गेले. तिथे पिळा बसला. थांबले. म्हटलं, जरा बघते इथून कसं दिसतं. तिथे भिंत आहे. पुन्हा उठले, दोन पायऱ्या, पुन्हा पिळा, असा की डोळ्यांत पाणी आलं. मुंगी धावत खाली आली, माझ्या शेजारी पायरीवर बसली. मी म्हटलं, शिंपी उठत नाहीये गं. ती म्हणाली, माहीत आहे. आणि माझ्या पोटरीला हात लावून बसली, शहाणपणाचा एक शब्द नाही. एखादा बोलली असती तर बरं झालं असतं.

मग थोरला हळूच धाकट्याला म्हणाला, आता वर कशाला न्यायचं आणि परत खुर्चीत घालून खाली कशाला आणायचं? गाडी दारातच आहे. धाकट्यानं मान डोलावली. खरंच होतं. दोन माणसं, खुर्ची, हाडांतलं शिसं, सगळं वाचलं त्यांचं. मी स्वतःच स्वतःला गाडीपर्यंत पोचवलं होतं.

आता धाकटी माझे कपडे खाली आणते आहे. आज भांडी नाही आपटली तिनं. नाक लाल आहे.

२ एप्रिल, गुरुवार. थोरल्याकडे.

मिठाच्या डब्यावर मीठच लिहिलं आहे. खिडकीतून भिंत. मी विचारलं, तुमच्याकडे कोणी बोलतं का, तर थोरली म्हणाली, आई, काही हवं आहे का? नको म्हटलं.

पावडर नाही. पैलवान म्हणाला पाठवतो, पण थोरलीनं डब्यावर काय चिठ्ठी लावली असती देव जाणे.

मुंगीनं निघताना बजावलं होतं, संध्याकाळी फोन करीन, घेशील ना. पण घरात रेंज नाही. फाटक लांब, अंगणाच्या टोकाला. पहिल्या दिवशी थोरल्याला म्हटलं, तूच जाऊन घे आणि मला सांग. तो येऊन म्हणाला, मुंगी म्हणते सगळं ठीक आहे. एवढंच. लॅबमधलं काही नाही! तेव्हापासून मी स्वतः जाते. चालते, पिळा बसतो, थांबते, कुंडीच्या कडेवर टेकते, पुन्हा चालते. फोन वाजायच्या आत पोचायचं म्हणजे आधीच निघावं लागतं. बोलून झालं की परत तेवढंच.

२६ एप्रिल, रविवार. संध्याकाळ.

आज फाटकापर्यंत एकदाच थांबले. परत येताना थांबलेच नाही. थोरली दारात उभी राहून बघत होती, म्हणाली, आई, पाय सुधारला की हो तुमचा!

मुंगीला फोनवर सांगितलं, ऐकलंस? तुम्ही सगळे म्हणत होता काही होणार नाही. उशिरा का होईना, पावडर लागू पडली. ती बराच वेळ हसत होती, मग बहुतेक रडत होती, रेंज नीट नव्हती.

आता फक्त एक जिना पाहिजे होता.